हेक्टरी की एकरी?

"आरं, खताचा आकडा चुकतोय म्हणतेय ना मी! दुरुस्त कर की!"

उदगीरच्या एका माती तपासणी केंद्रात दामिनी कॉम्प्युटरशी भांडत होती. काउंटरपलीकडून कुणीतरी हसलं. तिनं मान वर केली. वडिलांच्या शेताचा रिपोर्ट न्यायला आलेला एक उंच तरुण... ओठ दाबून उभा, डोळे मात्र हसणारे.

"कुणाला रागावताय एवढं?"

"एआयला. कोड दुरुस्त करून देतो म्हणे! तीन दिवस झाले, दर वेळी नवंच काहीतरी लिहितो." तिचा आवाज उतरला. "बेचाळीस शेतकरी रिपोर्टसाठी थांबलेत. हरभरा पेरायचाय त्यांना. आणि हा रिपोर्टचा प्रोग्राम... मीच लिहिलाय."

त्याचं नाव संगमेश. लातूरला सॉफ्टवेअरच्या कामाला, आठ दिवस सुट्टीवर आलेला. "बघू का?" म्हणत तो शेजारच्या स्टुलावर टेकला.

"तुमच्या फायली दाखवल्यात त्याला?"

"दाखवायच्या कशाला? त्याचा तो बघत नाही?"

"न्हाई ना. अंदाजानं ठोकून देतोय बिचारा. प्रश्नातच @ टाका अन् पुढं फायलीचं नाव, म्हंजी ती फाइल वाचून उत्तर देतो. खत काढणारी एक, रिपोर्ट छापणारी एक. सगळ्या नका देऊ, गोंधळतो."

तिनं दोन नावं लिहिली. क्षणात उत्तर आलं – एक फाइल खत हेक्टरी काढत होती, दुसरी तोच आकडा एकरी म्हणून छापत होती! तेवढं दुरुस्त करून तिनं एक रिपोर्ट कागदावर पडताळला. बरोबर! आनंदाच्या भरात तिनं त्याचं मनगट धरलं... आणि लाजून सोडलं.

संध्याकाळपर्यंत बेचाळीस रिपोर्ट गेले.

दुसऱ्या दिवशी संगमेश पुन्हा हजर.

"रिपोर्ट कालच नेला ना?"

"हाव... पाणी तपासायचंय." त्यानं बाटली पुढं केली.

तिनं बाटली उजेडात धरली. "विहिरीचं?"

"...घरच्या फिल्टरचं."

ती इतकी हसली की आतून केंद्राची साफसफाई करणाऱ्या गुणाबाई झाडू घेऊन बघायला आल्या. मग तो रोजच येऊ लागला, बाटली न घेताच.

आठव्या दिवशी तो स्टुलावर न टेकता उभाच राहिला. "उद्या लातूरला निघालो."

"बरं."

"बरं? एवढंच?"

दामिनीनं नजर चुकवली. "काय बोलू? तुम्ही लिंगायत, आम्ही जळकोटचे मराठे. घरचे..."

"घरी आमच्या अप्पांना सांगितलं मी. म्हणलं, पोरगी मातीत काय कमी हाय ते सांगते. ते म्हणले, मग तुझ्यात काय कमी हाय ते बी सांगंल."

"अन् मला? मला कधी सांगणार होता?"

"आता सांगून राहिलो की..." त्याचे कान लाल झाले. "दामिनी, लई आवडतेस तू मला."

तिनं समोरचा कीबोर्ड बाजूला सारला. मग गालातल्या गालात हसली.

"रविवारी ये जळकोटला. घरी."

"चहाला?"

"न्हाई. आमच्याकडं पोरगा बघायचा कार्यक्रम हाय. पोह्यांचा ट्रे घेऊन तूच बाहेर यायचं... अन् मान खाली घालून!"