ओढ्यापलीकडची काळी माती

ऋतिकचा बेत पक्का होता. जेवण झालं की सायकली काढायच्या, कळंबला जाऊन भेळ खायची आणि घरात कुणी विचारायच्या आत परत यायचं. पण त्याची चुलतबहीण आरती ऐकतच नव्हती. ती ओसरीवर बसलेल्या बाबांकडे बघत होती.

बाबांच्या, म्हणजे सुदर्शनच्या हातात गावच्या शेताच्या माती परीक्षणाचा अहवाल होता. सकाळपासून त्यांनी तो चारदा वाचला होता. जमीन हलकी, रंग तांबूस, मातीत खताचा अंश जवळजवळ नाही, असं त्यात छापलेलं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि आरतीच्या आईला हळूच सांगितलं, की मस्कतच्या कंपनीला रविवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे आणि आता परत जाण्यावाचून दुसरा मार्ग दिसत नाही.

आरतीने ते ऐकलं. मस्कतमध्ये तिची नऊ वर्षं गेली होती. बाबा दूर वाळवंटात तेलाच्या विहिरींवरची यंत्रं सांभाळायचे. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. त्या एका आठवड्यातले दोन दिवस तर नुसते येण्याजाण्यात जायचे. दसऱ्याला सगळे गावी परत आले तेव्हापासून मात्र बाबा रोज घरात होते. ते घोरतात, हे आरतीला बाराव्या वर्षी कळलं आणि त्याचासुद्धा तिला आनंद झाला होता.

थोड्या वेळाने मोरीतून आईचा आवाज आला. आरतीचा आठ वर्षांचा भाऊ सयाजी खेकडे पकडायला गेला होता आणि चिखलाने बरबटून परतला होता. आईने त्याची चड्डी चिमटीत धरून बाहेर आणली. ती पार काळी झाली होती.

"कुठे लोळलास?" आरतीने विचारलं.

"ओढ्यापलीकडे. आपल्याच शेतात. विहिरीजवळ घसरलो. तिथे काळे वाटाणे पडलेत, हे बघ, चिकटलेत पण."

ऋतिकने वाकून ते वाटाणे पाहिले आणि तो हसत सुटला. "मस्कतवालं येडं! ह्या लेंड्या हायती, मेंढराच्या."

हसून झाल्यावर त्याने एक लेंडी उचलून नीट पाहिली. बिबट्याच्या भीतीने ओढ्यापलीकडे सहसा कुणी जात नसे. तिकडचं रान नऊ वर्षं पडीक आहे, तिथे कुसळंसुद्धा उगवत नाहीत, असं त्याचे वडील, म्हणजे चांगदेवकाका नेहमी सांगायचे. मग तिथे मेंढरं चरायला कशाला येतील?

आरतीच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. अहवालात माती तांबूस होती. मग चड्डी काळी कशी? ती बाबांकडे धावली, पण बाबांनी नुसती मान हलवली. ओढ्याचा गाळ असेल, शेतातली काळी माती नऊ वर्षांत वाहून गेली असणार, म्हणाले. नऊ वर्षं यंत्राच्या काट्यांवर विश्वास ठेवून काम केलेला माणूस तो. कागदावर आकडा आला की त्यांच्या लेखी विषय संपत असे. शिवाय आल्यापासून महिनाभर ते शेताकडे फिरकलेच नव्हते. आधी ओढ्याला पाणी आहे म्हणाले, मग कागदपत्रांची कामं निघाली. खरं कारण आरतीला ठाऊक होतं. वडिलांनी कसलेलं शेत उजाड झालेलं त्यांना बघवलं नसतं.

भेळ राहिली बाजूला. तिघंही ओढा ओलांडून गेली. विहीर आणि तिच्याजवळचा गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद आरतीने लगेच ओळखला. मस्कतच्या घरात बाबांचा याच हौदापाशी काढलेला फोटो होता. म्हणजे शेत आपलंच! आणि माती? काळीभोर, भुसभुशीत. ऋतिकने काठी टोचली तर ती वीतभर आत गेली. गवत बारीक चरलेलं होतं, बाभळीच्या काट्यांना लोकरीचे पुंजके अडकले होते आणि जमिनीत खुंट्यांची भोकं सरळ ओळीत दिसत होती.

"हितं कुणीतरी जाळी लावून मेंढरं बसवलीत राव," ऋतिक म्हणाला. रात्रभर मेंढरं शेतात बसवली की त्यांच्या लेंड्यांचं नि मुताचं खत होतं. त्यासाठी शेतकरी मेंढपाळाला बोलावून आणतात, धान्य देतात. पण इथे बोलावणार कोण? मालक तर इतकी वर्षं मस्कतला!

सयाजीने तीन दगडांच्या चुलीत हात घातला आणि ओरडून मागे घेतला. राखेत अजून धग होती. म्हणजे मंडळी आजच हलली होती.

मग काय, सायकली निघाल्याच. सयाजी ऋतिकच्या मागे कॅरिअरवर बसला आणि रस्त्यावरच्या लेंड्यांकडे बोट दाखवत "इकडे, आता तिकडे" असं करू लागला. मोठा रस्ता सोडून जुन्या वाटेने तासभर पाय मारल्यावर वारूळवाडीच्या अलीकडे मेंढरांचा मोठा कळप दिसला. सामान लादलेल्या दोन घोड्यांजवळ एक म्हातारी चूल मांडत होती. तिचं नाव गजराबाई. जरा पुढे काठीवर हनुवटी टेकवून तिचे यजमान राघूबाबा उभे होते.

आरतीने धीर करून विचारलं, की ओढ्याकाठच्या विहिरीजवळ मेंढरं तुम्हीच बसवता का. राघूबाबांचा चेहरा सावध झाला. त्यांना वाटलं, कुणीतरी तक्रार केली. पण आरती सुदर्शनची मुलगी आहे हे कळल्यावर त्यांनी काठी खाली ठेवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सुदर्शन परदेशी जायच्या आधीच्या साली मोठा दुष्काळ पडला होता. विहिरी आटत चालल्यामुळे कुणी त्यांच्या मेंढरांना पाण्याला शिवू देत नव्हतं. तेव्हा सुदर्शनने स्वतः पाणी शेंदून तो दगडी हौद भरला होता, एक दिवस नाही, चांगला दीड महिना. जाताना तो सांगून गेला होता, की जमीन पडूनच राहणार आहे, वाटेत हक्काने थांबत जा. तेव्हापासून दिवाळीनंतर कोकणात उतरताना आणि पावसाच्या तोंडावर परतताना राघूबाबा तिथे तीन-तीन रात्री मेंढरं बसवत होते. एकही साल चुकलं नव्हतं. धान्याचा दाणाही त्यांनी कुणाकडे मागितला नव्हता.

"त्याचं पानी पिऊन माजी मेंढरं जगली," राघूबाबा म्हणाले. "मंग त्याची जमीन मरू देऊ व्हय?"

 आपण तिकडे दूर असताना कुणीतरी न सांगता आपलं घर सांभाळावं तसं शेत सांभाळत होतं, आणि आपल्याला पत्ताही नव्हता. आरती वाकून दोघांच्या पाया पडली. गजराबाईंनी तिघांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि अंधाराच्या आत घर गाठायला बजावलं.

परतताना ऋतिक म्हणाला, की नुसतं सांगून भागणार नाही, पोरं काहीही बोलतात असं म्हणून त्याचे वडील विषय उडवून लावतील. आरतीचंही तेच मत होतं. शेतातून तिने डबाभर काळी माती घेतली. ओढ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कामासाठी मुरूम ओतलेला होता. त्याच्या कडेला फावड्याने उकरलेला एक खड्डा तिला दिसला आणि काकांनी परीक्षणाला दिलेली माती कुठली, याचा उलगडा झाला. तिने तिथला तांबडा मुरूमही दुसऱ्या डब्यात भरला.

संध्याकाळी चहाच्या वेळी तिने दोन्ही डबे चांगदेवकाकांपुढे ठेवले आणि साळसूदपणे म्हणाली, "काका, ऋतिक म्हणतो, आपल्या शेतातली माती तुम्हाला ओळखता येणार नाही."

काकांना तेवढं पुरलं. "म्या सोता भरलीया ती परीक्षणाची पिशवी. ही बघ, तांबडी!"

"शेतात कुठून घेतली होती?"

"शेतात कोन जातंय? ओढ्याला पानी व्हतं. अलीकडच्या काठावरनं घेतली. दहा पावलांनी काय माती बदलती?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा कप हातातच राहिला. बाबांनी दुसऱ्या डब्यात हात घातला. मूठभर माती दाबून पाहिली, नाकाशी नेली आणि ही कुठली म्हणून विचारलं. आरतीने राघूबाबांची सगळी हकिगत सांगितली. 

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी बाबा शेतात गेले. चपला बांधावर काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि विहिरीपाशी येऊन डोळे पुसले. चांगदेवकाका मागून आले. आळसापायी माझ्या हातून भावाचं घर मोडलं असतं, असं त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं. मोठ्या भावाने एवढं कबूल करणं सोपं नसतं, म्हणून बाबांनी त्यांचा हात घट्ट धरला.

तिथूनच सगळे जीपमध्ये बसून वारूळवाडीला गेले. वाटेत आरतीने दोनदा विचारलं, की मस्कतला काय कळवणार. आधी राघूबाबांना भेटू, एवढंच बाबा म्हणाले. तिचा जीव टांगणीला लागला.

कळपाजवळ पोचल्यावर बाबा राघूबाबांच्या पायाशी वाकले. आभार कसे मानू, असं ते म्हणायला लागले, तोच राघूबाबांनी त्यांना दंडाला धरून उभं केलं.

"आलास व्हय?"

"आलो, बाबा."

"ऱ्हानार, का पुन्हा जानार?"

 बाबांनी कळपाकडे बघितलं, मग आरतीकडे. आणि नऊ वर्षांत घरात कधी न बोललेल्या गावच्या बोलीत ते म्हणाले, "ऱ्हानार. आता न्हाई कुठं जात."

सयाजीने तिथेच कोलांटी मारली. आईने तोंडाला पदर लावला. अहवालाची हकिगत ऐकल्यावर गजराबाईंनी आरतीला जवळ ओढून तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली आणि सुदर्शनला सांगितलं, की लेक तुझ्यापेक्षा शहाणी निघाली, कागदाऐवजी मातीला विचारून आली. चांगदेवकाकांनी सर्वांत जोरात मान डोलावली.

मग पुढच्या सालाचं बोलणं निघालं. रानात पीक उभं असेल तर मेंढरं कुठे बसवायची, अशी राघूबाबांना काळजी पडली. विहिरीकडचा अर्धा एकर दरवर्षी तुमच्यासाठी मोकळा ठेवीन आणि हौद भरलेला असेल, असा बाबांनी शब्द दिला. राघूबाबांनी मान डोलावून तो स्वीकारला आणि मेंढरं पुढे हाकारली.