थापीचे तीन ठोके

हसायचं तर खुशाल हसा. पण खोटं बोलून मला काय मिळणार?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रसुद्धा नव्हती, भर दुपार होती.

मी सुकदेव, गवंडी, धुळ्याकडचा. सिल्वासात भर बाजारातलं जुनं हॉटेल फोडून फ्लॅट करायचं काम चालू होतं. बहीण चंदाचा नवरा समाधान माझ्या हाताखाली होता. चंदा म्हणाली होती, "भाऊ, तुझ्या भरवशावर पाठवते हं यांना."

तिसऱ्या मजल्यावर चादरी ठेवायची एक अरुंद खोली होती. तिचं दार विटांनी बुजवायचं होतं.

आमच्या बापाने घालून दिलेली रीत आहे. शेवटची वीट लावण्याआधी थापीने तीन ठोके मारायचे, "आत कोण?" विचारायचं. उन्हाळ्यात माणसं गारव्याला कुठंही झोपतात.

मी ठोके मारले.

आतून... तीन ठोके आले.

जेवल्यावर दाजी तिथंच आडवे व्हायचे! घण घेतला, भिंत पाडली.

आत कुणी नव्हतं. पांढरी चादर अंथरलेली... आणि उशीला डोक्याचा खळगा.

"काय झालं?" मागे दाजी उभे, हातात पाण्याची बाटली.

मी भडकलो. "मस्करी करताय काय माझी?"

"आईशप्पथ, मी खाली होतो!"

तेवढ्यात ठेकेदार ओरडला, "टाइम नथी! जल्दी बंद कर!"

पुन्हा विटा रचल्या. मधे माल आणायला खाली जाऊन आलो. दाजी कुठं दिसले नाहीत. आत डोकावायची हिंमत झाली नाही.

शेवटची वीट राहिली. थापी उचलली... आणि खाली ठेवली.

भ्यालो होतो हो. पुन्हा उत्तर आलं असतं तर?

वीट लावून टाकली.

संध्याकाळी दाजी कुठंच नाहीत. फोन लावला.

रिंग... भिंतीच्या आत वाजली.

वेड्यासारखी भिंत फोडली. उशीजवळ फोन. चपला नीट जोडून ठेवलेल्या.

दाजी नव्हते.

त्या खोलीला दुसरं दार नाही. खिडकी नाही.

पोलीस झाले, दमणगंगेचा काठ धुंडाळून झाला. काही हाती लागलं नाही. ती भिंत नंतर दुसऱ्या गवंड्याने बांधली.

आता तिथं लोक राहतात. तिसऱ्या मजल्यावरच्या शोभा मॅडमनी दोनदा निरोप धाडला. रोज दुपारी भिंतीतून तीन ठोके येतात, बघून जा म्हणाल्या.

मी गेलो नाही.

चंदा अजून कुंकू लावते. फोनवर दर वेळी एकच विचारते, "भाऊ, त्या दिवशी ठोके मारले होतेस ना?"

मी "हो" म्हणतो.