निलगिरीला दिलेली मुदत

ही हकीकत माझ्या चुलतभावाच्या घरातली आहे. विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण यातला एकही शब्द पदरचा नाही. रूपालीवहिनीनं सांगितलं तेच लिहितोय.

गेल्या वर्षीची होळी जवळ आली होती. हुपरीच्या अलीकडे, शेताच्या कडेला त्यांचं घर. परसात विहीर, आणि विहिरीला लागून उंच निलगिरी.

ती लावली रूपालीच्या सासऱ्यांनी, पार्श्वनाथकाकांनी. मोठ्या हौसेनं. सर्दीला पाला उकळता येतो, डास कमी होतात, झाड सरळ वाढतं. ते पाणी किती पितं, हे मात्र त्या हौसेत कुणी विचारलंच नाही. काका गेले. झाड वाढतच राहिलं. आणि त्या वर्षी थंडी सरायच्या आतच विहिरीचा तळ दिसायला लागला.

झाड पाडायचं ठरलं.

सासूबाई, म्हणजे सुरेखाआत्ती, जुन्या वळणाच्या जैन. झाडावर पाखरं असतात, मुंग्या असतात, आणखीही कोण कोण असतं. त्यांना सांगितल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही, हा त्यांच्या माहेरचा रिवाज. त्यांनी बुंध्याशी मूठभर तांदूळ ठेवले आणि हात जोडले.

"हिरीला पाणी ऱ्हाईलं न्हाय, म्हणून तोडतोय. रविवारी तोडणार. तवर दुसरी जागा बघा. त्याच्या आदी कोण हात लावणार न्हाय, माझा शब्द हाय."

शुक्रवारीच आकाराम लाकूडतोड्या कटर घेऊन दारात आला.

"रविवारी मला जमायचं न्हाय पावणं. पाडायचं तर आजच."

आत्ती देवळात गेल्या होत्या. रूपालीचा नवरा वृषभ कागलच्या एमआयडीसीत कामाला, त्या दिवशी सुट्टीवर. त्यानं लगेच मान डोलावली.

"आत्तींनी शब्द दिलाय की," रूपाली म्हणाली.

"कुणाला? झाडाला?" तो हसला.

दुपारपर्यंत झाड आडवं झालं. लाकूड ट्रॉलीतून गेलंसुद्धा.

आत्ती परत आल्या. उरलेल्या खुंटाकडे बघत उभ्या राहिल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

त्या संध्याकाळी वारा पडला होता. रूपाली दोरीवरचे कपडे काढत होती.

आणि डोक्यावर पानं सळसळली...

खूप उंच. शेंडा जिथं असायचा, तिथं.

तिनं वर बघितलं. नुसतं आभाळ.

कपडे तिथंच टाकून ती घरात पळाली.

दुसऱ्या दिवशी तीच सळसळ छपरावर आली.

रविवारी ती घरातून ऐकू आली... आदितीच्या खोलीतून.

आदिती रूपालीची एकुलती एक लेक. नुकतीच शाळेत जायला लागलेली. त्या घरात दिवस मावळला की कुणी पाणीसुद्धा घेत नाही, आणि पोरीलाही ते अंगवळणी पडलेलं. पण त्या दिवशी दिवे लागल्यावर रूपाली स्वयंपाकघरात गेली, तर आदिती माठापाशी उभी. तांब्या तोंडाला लावलेला.

घटाघट... घटाघट...

"आदू, बास की."

पोरीनं तांब्या पुन्हा बुडवला. माठ रिकामा होईपर्यंत ती थांबली नाही.

"आई, आणि पाणी हाय का?"

आवाज तिचाच होता. पण अंगाला निलगिरीचा उग्र वास येत होता.

डॉक्टर झाले. साखर तपासली, रक्त तपासलं. सगळं ठीक. पोरीनं जेवण सोडलं. ती रोज पाणी पीत होती आणि रोज सुकत होती.

मग एका सकाळी अंघोळ घालताना तिच्या दंडाची कातडी सुटून आली...

लांब, पातळ पट्टी.

रक्त नाही. पोर रडलीही नाही. खालचं अंग गुळगुळीत, फिकट. निलगिरीची साल अशीच सुटते. लग्न होऊन आल्यापासून रूपाली परसात तीच साल झाडत आली होती.

तिनं आत्तींचे पाय धरले.

"माझी पोरगी वाचवा, आत्ती."

आत्तींचे डोळे भरून आले. "त्येंचं काय चुकलं गं? घर गेलं त्येंचं. मिळंल तिथं शिरली."

दिवस मावळायला त्या एकट्याच विहिरीकडे गेल्या. खुंटावर बसल्या. रूपाली दारात उभी राहून ऐकत होती.

"शब्द मी दिलता. पोरीनं न्हाय. तिला सोडा. माझ्यात या."

घरातून सळसळ निघाली...

रूपालीच्या अंगावरून गेली. तिचा पदरही हलला नाही.

मग सगळं शांत.

"आई, भूक लागली," मागून आदिती म्हणाली. रूपालीनं तिला कवटाळलं आणि रडत सुटली.

आत्ती सावकाश चालत आल्या. ओसरीवर टेकल्या. अंधार पडला होता. अंधारात ज्या बाईनं जन्मात पाण्याचा थेंब घेतला नव्हता, तिनं हात पुढं केला.

"रूपाली, तांब्या दे भरून."

आदिती आता ठणठणीत आहे. आत्ती उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं घालतात. वृषभ टँकर मागवतो आणि खाली मान घालून असतो.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो.

"एखाद्या दिवशी पाणी न्हाय दिलं तर?" मी वहिनीला विचारलं.

तिनं आधी ओसरीकडं बघून घेतलं.

"एकदा टँकर आला न्हाय. आत्ती रिकामा तांब्या धरून बसल्या हुत्या. आदू अभ्यास करत हुती. वहीतनं मान वर न करता म्हणाली, आज्जीला पाणी दे आई, न्हायतर ती सगळी परत माझ्याकडं येत्यात..."

बाहेर दिवस कलला होता. मी गाडीची किल्ली उचलली. घसा कोरडा पडला होता, पण त्या घरात पाणी मागायचं माझं धाडस झालं नाही.