शाकिर उस्तादचा माउथपीस

दार लोटून घ्या रे पोरांनो, वारं येतंय. ही ऐकीव गोष्ट नाही. केशान गावी माझ्या भिंतीपलीकडे नेजात राहतो ना, त्याची. गेल्या वर्षीची चौदा नोव्हेंबर, रात्रीचे पावणेदहा.

नेजात जुन्या धातूच्या क्लॅरिनेटींचा व्यापारी. सकाळी इझमीरहून एक शौकीन येणार होता, म्हणून त्यानं तीन वाद्यं मेजावर मांडली: दुहेरी पत्र्याची फ्रेंच, जाड निकेलची जर्मन आणि आमच्या गल्लीतला म्हातारा वादक शाकिर उस्ताद, त्याची इस्तंबूली.

तिसरी कशी पटकावली, ते रंगात येऊन त्यानंच मला सांगितलं होतं. उस्तादसमोर दोन वाद्यं वाजवून तुलना करताना तिच्या भोक झाकणाऱ्या चावीच्या गादीखाली त्यानं सिगारेटच्या कागदाची चौपदरी घडी सारली. हवा गळली, सूर फाटला.

"डबडं झालंय उस्ताद! तिच्या बदल्यात ही चकचकीत घ्या."

म्हातारा फसला. नातीच्या लग्नात ती चकचकीत किंचाळली, वऱ्हाड खदखदून हसलं. उस्तादनं पुन्हा वाद्याला तोंड लावलं नाही. उन्हाळ्यात गेला.

आमच्या गल्लीत वादकासोबत त्याचा माउथपीस, वाद्याचं फुंकायचं टोक, पुरतात. उस्तादची म्हातारी बायको, हातिजे, नेजातच्या दारी आली.

"वाद्य ठेव रे बाबा, माउथपीस तेवढा दे. त्याचा श्वास आहे त्यात."

"आजी, खाली कबरीत कुणाच्या वरातीत वाजवणार तो?"

"मग तुझ्याच तोंडात राहो," म्हणाली आणि गेली.

तर त्या रात्री. खरी तुलना करायची तर तिन्ही वाद्यांना माउथपीस एकच लागतो. नेजातनं नेमका उस्तादचा घेतला. उस्तादला पुढचा एकच दात, म्हणून त्यावर दाताची खाचही एकच.

फ्रेंच फुंकली. नातीच्या लग्नातली चाल निघाली. हात सवयीनं गेला असेल, म्हणून तो हसला; हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

जर्मन फुंकली. तीच चाल. दम घ्यायची जागासुद्धा तीच.

माउथपीस तिसरीवर चढवला. ओठांना टेकवला. फुंकलं नव्हतं... तरी वाजली.

"नेजात, झोपू दे की रे!" मी भिंत ठोकली.

वाजणं थांबलं. मग आत ओढलेला श्वास... लांब... संपेचना. माणसाचा इतका नसतो.

मी दार फोडलं. नेजात जमिनीवर. जिवंत होता. माउथपीस दुसऱ्या दिवशी मीच हातिजेच्या हाती दिला.

आजही त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून हवा गळते. चहा फुंकून निववता येत नाही. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही.

पण त्या रात्री त्याचं तोंड मी उघडलं होतं. जिभेखाली सिगारेटच्या कागदाची घडी होती... चौपदरी. तिच्यावर दाताची खूण. एकाच दाताची.

नेजातचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत.