आधी आईंना

तिचा नवरा घाऊक मालाच्या गोदामात स्टोअरकीपर होता. तारीख उलटलेला माल शनिवारी फळीवरून उतरवायचा आणि नष्ट करण्याआधी ज्याला जे हवं ते त्याने घरी न्यायचं, अशी तिथली जुनी रीत होती. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर छोटंसं प्रदर्शनच भरायचं. चीजच्या वड्या, दह्याचे डबे, डबाबंद मासे, कडेने जरा कडक झालेला पाव. घरात कशाची ददात होती असं नाही, पण चांगलं दिसणारं अन्न टाकायला हात धजावत नसे.

खायचं की टाकायचं, हे ठरवायची त्या घराची एक पद्धत होती. पद्धत म्हणजे सासूबाई.

सुरुवात कौतुकातूनच झाली होती. सासूबाईंचं नाक तीक्ष्ण होतं आणि त्यांना त्याचा अभिमानही होता. डबा उघडायचा, नाकाशी धरायचा, मग चमच्याच्या टोकाने कडेचा एक कण जिभेवर ठेवायचा. "चालतंय," असं तरी म्हणायच्या, नाहीतर, "हे नको, पोरीला देऊ नका." पोरगी म्हणजे त्यांची नात, ठकी. सून अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला असल्यामुळे या प्रकाराला घरात विनोदाची फोडणी मिळे.

"लॅब घरात आहे तरी नाक माझंच वापरता," सासूबाई म्हणायच्या.

"तिच्या मशीनला निकाल द्यायला दोन दिवस लागतात, आई. तुझं लगेच," नवरा म्हणायचा.

हळूहळू कणाचा घास झाला. सकाळी त्यांनी घास खायचा, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना काही झालं नाही तर बाकीच्यांनी, सगळ्यात शेवटी ठकीने. असं कोणी ठरवलं नव्हतं. फ्रीज उघडला की, "आधी आईंना दे," हे शब्द आपसूक तोंडात यायचे. नवरा कामावरून आला की बूट काढता काढता विचारायचा, "आई, बरं वाटतंय ना?" ऐकणाऱ्याला वाटावं, किती काळजी करतो हा.

सुनेला हे चुकीचं आहे हे माहीत होतं. माहीत असणं हाच तिचा व्यवसाय होता. वास सोडणारे जंतू वेगळे आणि माणसाला आडवं पाडणारे वेगळे असतात. खरं घातक असतं त्याला कित्येकदा वासही नसतो, चवही नसते. एकाला सोसलं म्हणून दुसऱ्याला सोसेलच असं नाही. आणि तो एक जण सत्तरी ओलांडलेला असेल तर त्याला प्रयोगही म्हणत नाहीत, त्याला वेगळं नाव आहे. ती ते नाव मनातही उच्चारत नसे. सकाळी घाईत डबा सासूबाईंपुढे सरकवायची आणि बसथांब्याकडे पळायची.

सासूबाई हिवाळ्याच्या शेवटी गेल्या. हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. त्या सकाळी त्यांनी काय चाखलं होतं, हे कोणी विचारलं नाही. तिनेही नाही.

काही आठवड्यांनी एका सकाळी तिने चीजची एक वडी फोडली. तारीख उलटून बरेच दिवस झाले होते. वास ठीक होता, रंगही ठीक होता. सवयीने तिने वडी बशीत ठेवून ओट्याच्या टोकाला सरकवली आणि मग तिच्या लक्षात आलं की आता तिथे कोणी नाही. उशीर होत होता. बशी तशीच ठेवून ती गेली.

संध्याकाळी वडीचा एक कोपरा गेलेला होता. चमच्याच्या टोकाने, कडेने, अगदी स्वच्छ. धुतलेला चमचा फडक्यावर पालथा घातला होता.

"तू खाल्लंस का रे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी नाही बुवा. उंदीर असेल."

"उंदीर चमचा धुऊन ठेवतो?"

"तुझ्या हाताखाली वाढलेला असेल तर ठेवेलही."

ठकी तर दिवसभर शाळेत होती. सुनेने वडी फेकून दिली आणि चमचा पुन्हा एकदा गरम पाण्याने धुतला.

पण शनिवार येत राहिले. पुढच्या खेपेला तिने मुद्दाम दोन वाट्या ठेवल्या, दोन वेगळ्या डब्यांतलं दही. संध्याकाळी एकीत कडेला घासाएवढा खळगा होता, दुसरीची साय जशीच्या तशी होती. तिने दोन्हींचे नमुने बाटल्यांत भरले आणि प्रयोगशाळेत नेले. नमुना पातळ करून प्लेटवर पसरायचा, उबेला ठेवायचा आणि ठिपके उगवतात का ते पाहायचं, हे काम ती झोपेतही करू शकली असती. पहिल्या वाटीच्या प्लेटवर वावगं काही उगवलं नाही. दुसरीच्या प्लेटवर जे उगवलं ते दह्यात असायला नको होतं.

एका निकालाला काही अर्थ नसतो, असं ती नव्या मुलींना शिकवत आली होती. म्हणून तिने पुन्हा केलं, आणि पुन्हा. मासे, पाव, लोणी, शिळा भात. नमुन्यांवर नुसत्या खुणा घालून प्लेटा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मोजायला दिल्या, म्हणजे आपल्या मनातलं आपल्या डोळ्यांत उतरायला नको.

"हे कोणत्या गिऱ्हाईकाचं चाललंय?" त्याने विचारलं.

"घरचंच आहे."

"बापरे. तुमच्याकडे जेवायला कधी बोलावू नका."

निकाल एकदाही चुकला नाही. घास गेलेला असेल ते चांगलं निघे आणि न शिवलेलं असेल ते दूषित. एकदा माशांचा एक डबा तारखेच्या आतला होता. वास नाही, फुगवटा नाही, तिने स्वतः बिनदिक्कत खाल्ला असता. संध्याकाळी मासे होते तसेच होते. प्लेटा पाहिल्यावर तिने हातमोजे काढले आणि बराच वेळ बेसिनपाशी उभी राहिली.

भीती वाटायला हवी होती. वाटलं ते सुटल्यासारखं. घरातली एक मोडलेली सोय परत सुरू झाली, असं. नंतर जेव्हा जेव्हा तिला हा क्षण आठवे तेव्हा तिचे कान गरम होत.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो हसेल किंवा चिडेल असं तिला वाटलं होतं. त्याने चष्मा काढून पुसला.

"म्हणजे आई आहे," तो म्हणाला.

"मी तसं म्हटलं नाही. मी निकाल सांगितले."

"बरंच आहे की मग." आणि थोड्या वेळाने, नेहमीच्याच आवाजात, "ते नवीन लोणी आणलंय, ते आधी आईला ठेव."

तिने ठेवलं.

अशा रीतीने घर पुन्हा रुळावर आलं. सकाळी ओट्याच्या टोकाला वाट्या मांडायच्या, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचं. कोणी आत थांबलं तर काही होत नसे. एका सुट्टीच्या दिवशी ती दारातच बसून राहिली होती, तेव्हा वाट्या भरलेल्याच राहिल्या. ती केर टाकायला खाली गेली आणि परत आली तोवर चमचा ओला होता. ठकीला कोणी काही समजावलं नव्हतं, पण मुलांना समजवावं लागत नाही. ती डबा उघडायची, खळगा शोधायची आणि मगच खायची.

एके दिवशी नणंद आली. आई गेल्यावर पहिल्यांदाच. चहा झाला, आईच्या साड्यांचं बोलणं झालं, दोघी थोडं रडल्या. मग नणंद पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावरच्या पावाकडे तिने हात नेला.

"आत्या, तो नको खाऊस," ठकी म्हणाली. "आजीने अजून खाल्ला नाहीये."

नणंदेने हात मागे घेतला. ठकीकडे पाहिलं, मग ओळीने मांडलेल्या वाट्यांकडे, मग वहिनीकडे. या घराची पद्धत तिला ठाऊक होती. तिच्यादेखतच ती सुरू झाली होती.

"वहिनी, हे काय आहे?"

नवरा दारात येऊन उभा राहिला. "अगं, काही नाही, तिचं आपलं ऑफिसचं..."

"दादा, तू बोलू नकोस." नणंदेचा आवाज चढला नाही. "मेल्यावर तरी सोडा रे तिला. जिवंतपणी एकदा तरी ताजं, गरम, पहिलं वाढलंत का?"

नणंद पाणी न पिताच गेली.

पहिलं आणि गरम. सून दिवसभर आठवत राहिली. सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेलं वाढून घेणाऱ्या सासूबाई आठवल्या. "राहू दे गं, मला हेच आवडतं," म्हणणाऱ्या आठवल्या. ते खरं असेल असं आपण किती सहज धरून चाललो, हे आठवलं. पण त्यांच्या पुढ्यात वाफाळणारं पहिलं ताट ठेवल्याचा एकही प्रसंग आठवेना. प्रयोगशाळेत तिची स्मरणशक्ती नावाजलेली होती.

रविवारी ती सकाळीच बाजारात गेली. एकेक बटाटा दाबून घेतला, टोमॅटो उन्हात धरून पाहिले, घरी येऊन अंडी पाण्यात सोडून तपासली. दूध त्याच पहाटेचं होतं. गोदामातून आलेलं घरात काहीही उरू दिलं नाही. फ्रीज रिकामा करून पुसला, वाट्या उकळून घेतल्या. मग निवांतपणे स्वयंपाक केला: भात, बटाटा-टोमॅटोचा रस्सा, उकडलेली अंडी, दुधात शिजवलेला गोड शेवयांचा वाडगा.

पहिलं ताट सासूबाईंचं वाढलं. ओट्यावर नाही, टेबलावर, त्यांच्या जागी. सगळे पदार्थ, भरपूर, चमचा उजव्या हाताला. वाफ वर जात होती.

"आई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "हे चाखून बघायला नाही. हे जेवायला आहे."

नवऱ्याने घसा खाकरला. "आम्हाला मिळणार का, की निकाल लागेपर्यंत थांबायचं?"

"आज कुणी थांबायचं नाही," ती म्हणाली.

तिघं बाहेरच्या खोलीत बसून जेवली. रस्सा छान जमला होता. ठकीने शेवया दोनदा घेतल्या आणि तिसऱ्यांदा वाडगा बोटाने पुसून काढला. "असं रोज का नाही करत?" तिने विचारलं. जेवल्यावर नवरा मित्राकडे गेला. ठकी पुस्तक घेऊन स्वतःच्या खोलीत गेली आणि थोड्याच वेळात पान उलटल्याचा आवाज यायचा थांबला. दुपार स्वच्छ उन्हाची होती. तिला फार दिवसांनी हलकं वाटत होतं. लाज गेली नव्हती, पण तिला निदान टेकायला जागा सापडली होती.

ताट उचलायला ती स्वयंपाकघरात गेली.

ताट भरलेलं होतं.

भाताचा डोंगर जसा लावला होता तसाच होता. रश्श्यावर तेलाचा तवंग गोठत आला होता. अंडं अखंड होतं. चमचा कोरडा.

रुसल्या असतील, तिला वाटलं. इतक्या वर्षांनी वाढलं तर रुसणारच. माणसाचा तेवढा हक्क असतो. हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं.

मग तिने रस्सा हुंगला. भात बोटांत चुरडून पाहिला. केराच्या डब्यातून दुधाची पिशवी काढून तारीख पाहिली, ती अजून पुढची होती. शेवयांचं पुडकं सकाळीच आणलेलं, नवं कोरं, सीलबंद होतं. कशालाही वास नव्हता.

वास नसतोच.

"आई," ती म्हणाली, "एक घास तरी घ्या." ती स्वयंपाकघराबाहेर गेली, पाठ फिरवून उभी राहिली आणि दार ओढून घेतलं. पलीकडे कुठेतरी कुणाचा नळ वाहत होता. ती परत आत आली.

चमचा कोरडा होता.

तिने नवऱ्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली.

ती ठकीच्या खोलीकडे वळली. दार अर्धवट लोटलेलं होतं. ठकी कुशीवर झोपली होती, पुस्तक उशीपाशी उपडं, गाल किंचित लाल. उन्हाने असेल. श्वास चालला होता.

खोलीतली खुर्ची नेहमी कोपऱ्यात असे, कपड्यांनी भरलेली. कपडे आता जमिनीवर होते, नीट घडी घालून एकावर एक रचलेले. खुर्ची पलंगाच्या अगदी जवळ ओढली होती, उशाशी, आजाऱ्याजवळ बसताना ओढतात तशी.

खुर्ची रिकामी होती. तिच्या गादीला मधोमध खळगा पडला होता. ती पाहत असतानाच तो थोडा आणखी खोल झाला, कुणीतरी ठकीकडे वाकून बघावं तसा.