मूठभर मोहरी

वणीत कोळशाची धूळ कोणाचा धर्म विचारत नाही. विहाराच्या पायरीवर बसते तशीच मारुतीच्या शेंदरावरही बसते. धम्मरत्न सरांनी निवृत्तीनंतर नव्या लेआउटमध्ये घर बांधलं आणि हौसेनं पोर्चला पांढऱ्या फरशा लावल्या. तेव्हापासून कोण आलं, कोण गेलं, हे धुळीतल्या ठशांवरून कळायचं, कॅमेऱ्याची गरज उरली नव्हती.

शेजारी यज्ञेश्वर, कोर्टातले निवृत्त कारकून. माणसाच्या वाट्याला दुःख का येतं, यावर दोघांचा फाटकाशी रोजचा वाद. यज्ञेश्वरांच्या मते तो मागच्या जन्मीच्या खटल्याचा निकाल. सरांच्या मते दुःख सगळ्यांनाच आहे, त्याला कारण आहे आणि कांगावा करून उपयोग नाही. हे पटवायला विहारात ते मोहरीची गोष्ट सांगत. मेलेलं लेकरू घेऊन आलेल्या बाईला बुद्ध म्हणाले, ज्या घरात कधी कोणी मेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण. बाई दारोदार फिरली. तसं घर मिळालं नाही, आणि तिला समजायचं ते समजलं.

या आठवड्यात मात्र सर विहारात फिरकले नव्हते. इंदूबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, छातीत गाठ निघाली होती. तुकडा तपासायला नागपूरला गेला होता, रिपोर्ट उद्या यायचा होता. यज्ञेश्वरांनी मीठ-मोहरी ओवाळून विस्तवात टाकायला सुचवलं; तडतडली तर बाधा गेली, नाही तर ती घरातच आहे. "तुकडा नागपूरला अन् मोहरी इथं?" असं विचारून सरांनी त्यांना वाटेला लावलं. पण हातातला चहा तसाच गार झाला.

दुपारी एक बाई पोर्चमध्ये येऊन उभी राहिली. खांद्याशी लुगड्यात गुंडाळलेलं लेकरू. झोपलं असावं.

"बाबू, या घरात कोणी मेलं तर नाही?"

"नवंकोरं घर आहे," सर म्हणाले. आवाजात घरमालकाचा तोरा आलाच.

"मंग मूठभर मोहरी द्या."

विहारातल्या कोणीतरी थट्टा मांडली, असं सरांना वाटलं. थट्टेलाही काही वेळकाळ असतो. ते रागवायच्या आत इंदूबाईंनी मूठ आणून बाईच्या पदरात टाकलीसुद्धा. बाईनं इंदूबाईंकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. लेकरानं हूं की चूं केलं नाही.

ती गेल्यावर सरांनी फरशी पाहिली. काळ्या धुळीत त्यांच्या चपलांचे ठसे होते, इंदूबाईंची अनवाणी पावलं होती. तिसरं काही नव्हतं.

"हलक्या पायाची असन," इंदूबाई म्हणाल्या.

सकाळी दाराशी लुगड्याच्या चिंधीत बांधलेली पुरचुंडी होती. आत मोहरी. मूठभर.

जन्मभर गोष्ट सांगणाऱ्याला तिचा अर्थ दुसऱ्यानं सांगावा लागत नाही. मोहरी चालली नाही. म्हणजे या घरात कोणीतरी मेलं होतं. किंवा.

त्या 'किंवा'च्या पुढे सरांना जाववेना. इंदूबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या, तिकडे न पाहता त्यांनी रामधन मिस्त्रीला फोन लावला. घर बांधताना इथं कोणी गेलं होतं का, खरं सांग.

रामधननं आवाज खाली आणला.

"चौकीदार, सर. किसनराव. स्लॅबच्या टायमाले रेतीवर झोपला, तो उठलाच नाही. ठेकेदार म्हने, सरले सांगू नका, त्यायच्या मनाले लागन."

"बरं झालं," सर म्हणाले.

रामधनला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"काय म्हनलं, सर?"

फाटकाशी यज्ञेश्वर उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच ते वाद न घालता घरी गेले. सरांना शरम वाटली, नाही असं नाही. पण आधी सुटका वाटली, शरम तिच्या मागे रांगेत उभी राहिली.

दुपारी रिपोर्ट आला. साधी गाठ. घाबरण्यासारखं काही नाही.

सर पायरीवर बसून पोरासारखे रडले. यज्ञेश्वर पेढे घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "रागावू नका, काल आमच्या अंगणातून तुमच्या घरावरून मीठ-मोहरी ओवाळली होती." सर म्हणाले, बरं केलंत. सगळा बुद्धिवाद त्यांनी पेढ्याबरोबर गिळला, आणि तो गोड लागला.

इंदूबाईंना कितीतरी दिवसांनी भूक लागली होती. वांगी चिरून झाली. पुरचुंडीतली मोहरी त्यांनी सरळ कढईशी नेली. "चांगली मोहरी कायले फेकाची?"

सर पोर्चमध्ये डोळे मिटून बसले. तेल तापल्याचा वास आला. मोहरी पडल्याचा बारीक आवाज आला.

ते तडतडीची वाट पाहत राहिले.

खिडकीतून धूर येऊ लागला.

"अहो," आतून इंदूबाईंचा आवाज आला, "तेल जळून राह्यलं. हे मोहरी काहून बोलून नाही राह्यली?"