किलोमागे श्वास

शाल्मली गेल्याचं चांद्रवसाहतीला सकाळच्या जेवणाच्या रांगेत कळलं. पृथ्वीवर उतरून तिला आठवडाही झाला नव्हता. जिना चढताना हृदय थांबलं, एवढंच संदेशात होतं. तिचा नवरा भास्कर खानोलकर तेव्हा हवाघरात गाळण्या धूत होता. वसाहतप्रमुखांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने हातातली गाळणी पुरती धुतली, वाळत घातली आणि मुलीला आणायला शाळेत गेला.

केतकी अकरा वर्षांची. आईसारखीच लहानखुरी. ती थोडी रडली, मग आईच्या अस्थी कोण सोडणार असं तिने विचारलं. भास्करला पृथ्वीवर जाता येणार नव्हतं. वीस वर्षं चंद्रावर काढलेल्या त्याच्या हृदयाला तिथलं सहापट वजन झेपलं नसतं. मग मी जाते, केतकी म्हणाली. पृथ्वीवर जाण्याची परीक्षा ती पास होती.

ही परीक्षा शाल्मलीनेच बसवली होती. मुलांची वाढ हा तिचा विषय. मुलाने फिरत्या धावपट्ट्यावर दमेपर्यंत पळायचं. मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरला, ती त्याची श्वासक्षमता. तिला वजनाने भागायचं. येणारा आकडा ठरलेल्या हद्दीच्या वर असेल तरच पृथ्वीचा परवाना. वसाहतीत हवा, पाणी, भात, सगळं किलोमागे वाटलं जाई, त्यामुळे श्वासही किलोमागे मोजण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मोठ्यांनाही तोच नियम होता. केतकीचा आकडा शाळेत सगळ्यांत वरचा होता. तिची मैत्रीण जाई घोरपडे दोन वर्षांत ताडमाड वाढली आणि नापास झाली. एकटीच दोघींची हवा खातेस, असं मुलं तिला चिडवत.

भास्करला एक गोष्ट कळत नव्हती. शाल्मलीचा आकडाही उत्तम होता. मग हृदय कसं थांबलं? तो डॉक्टर फिरदौस तांबोळींकडे गेला. त्या शाल्मलीच्या हाताखाली शिकलेल्या. आधी त्यांनी चहा केला, मग हवाघरातल्या वासाबद्दल तक्रार केली. भास्करने पुन्हा तेच विचारलं तेव्हा त्या बोलल्या.

"भाऊ, ताईंचा भागाकार चुकला होता."

"गणित चुकलं?"

"गणित नाही. भागायचंच नव्हतं. मुलाचं वजन दुप्पट झालं की श्वासक्षमता दुप्पट होत नाही, दीडपटीच्या थोडी वर जाते. निसर्गच तसा आहे. मग भागलं की वाढत्या मुलाचा आकडा खाली येतो, हृदय ठणठणीत असलं तरी. आणि लहान अंगाच्या माणसाचा आकडा उगाच फुगतो."

"शाल्मलीचा फुगलेला होता."

"हो. तेवढ्या अंगाच्या निरोगी बाईची श्वासक्षमता किती असते, त्याच्याशी ताडून पाहिलं असतं तर त्या नापास होत्या. मी हे आत्ता बघितलं, भाऊ. त्या गेल्यावर."

भास्करने चहा बाजूला सारला आणि केतकी आणि जाईचे आकडे त्याच पद्धतीने काढायला सांगितले. जाई आरामात पास झाली. केतकी नापास.

भास्कर म्हणाला की हरकत नाही, पोर थांबेल. रोज पळवू. वाढेल, हृदयही वाढेल.

"वाढेल. तीन वर्षांत तिचं हृदय पृथ्वीला पुरेसं होईल, मला खात्री आहे." डॉक्टरांनी मान खाली घातली. "पण तोवर वजनही वाढलेलं असेल. आकडा हद्दीखाली जाईल. जाईचं तेच झालं. आज परवाना आहे तर हृदय नाही. हृदय तयार होईल तेव्हा परवाना नसेल."

भास्कर आणि डॉक्टर नियामक मंडळापुढे गेले. मंडळात शाल्मलीला ओळखणारेच लोक होते. त्यांनी सगळं नीट ऐकलं. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले की शोकसभेतच त्या नियमाला शाल्मली सूत्र असं नाव दिलंय, पृथ्वीलाही तसं कळवून झालंय. तिचं नाव राहावं असं तुम्हाला वाटत नाही का, असं त्यांनी विचारलं.

"वाटतं," भास्कर म्हणाला. "पण ती चुकली होती. तिला कळलं असतं तर तिने स्वतः येऊन सांगितलं असतं."

मंडळाने विचार करू असं सांगितलं.

केतकीचा परवाना भास्करने स्वतः रद्द करून घेतला. त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने एकच विचारलं.

"मी मोठी झाले की नापास होणार, आणि मोठी झाले नाही तर मरणार. मग बाबा, पळायचं कशाला?"

"हृदयासाठी," तो म्हणाला. "आकड्याचं मी बघतो."

आता ती आणि जाई रोज एकत्र पळतात. जाईचे पाय लांब, म्हणून केतकीला धाप लागते आणि ती जाईला शिव्या घालते. केतकीची उंची वाढू लागली आहे, आकडा उतरू लागला आहे. भास्कर दर बैठकीला मंडळापुढे जातो आणि आपली बायको चुकली होती हे पुन्हा सांगतो. सूत्र अजून बदललेलं नाही, आणि शाल्मलीच्या अस्थी सोडायच्या राहिल्या आहेत.